अंगावर काढलेले दुखणे

मराठी भाषेत 'अंगावर काढणे' असा एक वाक्प्रचार आहे. ताप आला, खोकला झाला, पाय मुरगळला, आणि माणसाने औषधपाणी न करता, अंथरूण न धरता, नित्याची कामे रेटीत ते दुखणे सोसले, म्हणजे त्याने ते अंगावर काढले असे म्हणतात. या म्हणण्यात थोडे कौतुकही मिसळलेले असते. सोशिकपणा हा आपल्या समाजात गुण मानला गेला, आणि स्त्रीच्या बाबतीत तर तो भूषण ठरला. याच भाषेत 'अंगावरून जाणे' असा दुसरा वाक्प्रचार आहे. तो स्त्रिया आपापसांत, हलक्या आवाजात वापरतात. पांढरे जाते, लाल जाते, असे एकमेकींना सांगतात आणि घरातला पुरुष खोलीत आला की विषय बदलतात. हे दोन्ही वाक्प्रचार जेव्हा एकाच स्त्रीच्या वाट्याला येतात, म्हणजे अंगावरून जाते आणि ती ते अंगावर काढते, तेव्हा पुष्कळदा काही बिघडत नाही. परंतु काही वेळा फार बिघडते. ही काही वेळ कोणती, हे ओळखणे एवढाच प्रस्तुत विचाराचा हेतू आहे.

प्रश्न आहे तो दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, ध्यानीमनी नसताना दिसणाऱ्या रक्ताचा. हा प्रश्न नवा नाही. सुश्रुताने 'असृग्दर' या व्याधीचे वर्णन करताना अतिशय जाणाऱ्या रक्ताबरोबरच ऋतुकाल नसताना जाणाऱ्या रक्ताचाही समावेश केलेला आहे. म्हणजे ऋतुकालाबाहेरचे रक्त हे वैद्याने लक्ष घालण्याजोगे लक्षण आहे, हे या देशातील वैद्यकाला फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. ज्ञान होते, परंतु ज्या देहाला त्या ज्ञानाची गरज, तो देह वैद्यापर्यंत पोचत नव्हता. मध्ये विटाळ होता, लाज होती, आणि परपुरुषाकडून तपासणी करून घेण्याचा संकोच होता. १८८३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांनी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात आपण अमेरिकेला का जाणार हे भर सभेत सांगितले, तेव्हा हिंदुस्थानात स्त्री-वैद्यांची किती निकड आहे, हाच त्यांचा मुख्य मुद्दा होता. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या आणि त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. पुढच्याच वर्षी आनंदीबाई निवर्तल्या. त्यांनी ज्या भिंतीवर पहिला घाव घातला ती अजून पुरती पडलेली नाही.

भिंत किती जाड होती याचे मोजमाप शंभर वर्षांनी गडचिरोली जिल्ह्यात झाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी कोणता ना कोणता विकार होता. एकेका स्त्रीमागे सरासरी साडेतीनांहून अधिक विकार निघाले. आणि यापूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत केवळ आठ होत्या. हे आकडे त्या गावांतील स्त्रियांच्या प्रकृतीविषयी सांगतात, त्याहून अधिक त्यांच्या मौनाविषयी सांगतात.

आता मूळ विषयाकडे वळावयाचे, तर प्रथम स्वाभाविक काय ते पाहिले पाहिजे. कारण स्वाभाविकाची मर्यादा कळल्यावाचून अस्वाभाविक ओळखता येत नाही. पाळीचे चक्र एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजतात. पुष्कळ स्त्रिया पाळी संपल्यापासून दिवस मोजतात आणि मग हिशेब चुकतो. हे चक्र २४ ते ३८ दिवसांचे असले आणि रक्तस्राव आठ दिवसांच्या आत थांबत असला, तर ते स्वाभाविक समजावे. अठ्ठावीस दिवसांचा आकडा सर्वांच्या तोंडी असला तरी तो नियम नव्हे. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींत पहिली दोन-तीन वर्षे, आणि पाळी जाण्याच्या सुमारास चाळिशी-पंचेचाळिशीनंतर, चक्र थोडे पुढेमागे होते.

या चक्राचे चालनही समजून घेण्यासारखे आहे. बीजकोशातून येणारे एक संप्रेरक गर्भाशयाचे अस्तर वाढवते. महिन्याच्या मध्यास बीज बाहेर पडले की दुसरे संप्रेरक त्या अस्तराला स्थिर ठेवते. गर्भ राहिला नाही तर ही दोन्ही संप्रेरके उतरतात, अस्तराचा आधार जातो आणि ते रक्ताबरोबर गळून पडते. हीच पाळी. या व्यवहारावरून एक गोष्ट ध्यानात येईल की, पाळीव्यतिरिक्त रक्त दिसले तर कारण तीन ठिकाणी शोधावे लागते. एक तर संप्रेरकांचा तोल ढळला असेल. किंवा गर्भाशयात अथवा त्याच्या मुखाशी काही वाढ वा सूज असेल. किंवा गर्भ राहिलेला असेल आणि स्त्रीला त्याची कल्पना नसेल.

यांपैकी पुष्कळशी कारणे निरुपद्रवी असतात, हे आधी सांगितले पाहिजे. नाही तर ज्ञानापेक्षा भीतीच अधिक पसरते. काही स्त्रियांना महिन्याच्या मध्यावर, बीज बाहेर पडण्याच्या वेळी, एक-दोन दिवस रक्ताचे ठिपके दिसतात. संततिनियमनाची गोळी वा इंजेक्शन नव्याने सुरू केले, म्हणजे पहिले तीन महिने असे अवेळी रक्त दिसणे सामान्य आहे. गोळी घेण्यास एखादा दिवस विसरले तरीही ते दिसते. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने पाळी जास्त जाते आणि मधूनमधून ठिपकेही दिसतात. संबंधानंतर घ्यावयाची तातडीची गोळी घेतली असता त्या महिन्याचा हिशेब विस्कटतो.

आपल्याकडचे आणखी एक कारण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. गौरी-गणपती आले, घरात सत्यनारायण ठरला, लग्नाचा मुहूर्त आणि पाळीची तारीख एक निघाली, किंवा तीर्थयात्रेचा बेत झाला, की औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. थोरली जाऊ धाकटीला आपल्याच पाकिटातल्या गोळ्या देते. या गोळ्यांत संप्रेरक असते. त्या मध्येच सोडल्या वा अनियमित घेतल्या तर अवेळी रक्तस्राव होतो. संपवल्या की सामान्यतः दोन-तीन दिवसांत पाळी येते. एरवी निरोगी असलेल्या स्त्रीला वैद्यांच्या सल्ल्याने क्वचित अशी गोळी घेण्यास हरकत नसते. परंतु पायाच्या शिरेत वा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झालेली असेल, यकृताचा विकार असेल, किंवा गर्भ राहिल्याची शंका असेल, तर ती गोळी दुकानदाराच्या वा जावेच्या सल्ल्याने घेण्याची वस्तू नव्हे.

यानंतरची कारणे उपचार मागणारी आहेत. गर्भाशयमुखाला वा गर्भाशयाला जंतुसंसर्ग होऊन सूज येते. तिच्यासोबत ओटीपोटात दुखते, ताप येतो किंवा दुर्गंधी पांढरे जाते. गर्भाशयाच्या आत वा मुखाशी देठ असलेला मऊ कोंब वाढतो, ज्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. गर्भाशयाच्या भिंतीत गाठी होतात. कंठग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे काम मंदावले वा वाढले, तरी पाळीचा तोल जातो. बीजकोशातून वेळेवर बीज बाहेर न पडण्याच्या विकारात दोन-तीन महिने पाळी येत नाही आणि मग आली की थांबत नाही. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयही विसरून चालत नाही. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या, किंवा स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी चालू असलेल्या स्त्रियांनी रक्त दिसताच आपल्या डॉक्टरांना ते कळवले पाहिजे. मात्र औषध आपल्या मनाने बंद करू नये.

आणि शेवटी ती कारणे, ज्यांच्यामुळे हा विषय बोलावा लागतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग या दोघांचीही पहिली खूण बहुधा अवेळी दिसणारे रक्त हीच असते. दुःखाची गोष्ट ही की, या खुणेबरोबर प्रारंभी वेदना नसते. आणि आपल्या घरांतून दुखण्याची व्याख्याच मुळी दुखते ते, अशी आहे. जे दुखत नाही ते स्त्री कोणाला सांगत नाही. दुखू लागते तेव्हा रोग पुष्कळदा आजूबाजूला पसरलेला असतो. भारतात २०२२ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सव्वा लाखाहून अधिक नव्या रुग्ण झाल्या आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया या रोगाने मृत्यू पावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्थेचा अंदाज आहे.

हे मृत्यू अटळ होते काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका तालुक्याच्या गावाने दिलेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांतील खेडी तिच्या कक्षेत होती. ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी भारतात प्रथम येथेच झाली. शहरातील नोंदणीला रुग्णालयांची दप्तरे पुरतात. परंतु खेड्यातील रोगी मुळात रुग्णालयात येतच नव्हता, तेव्हा दप्तर कोठले? म्हणून येथील कार्यकर्ते स्वतः गावोगाव जाऊ लागले. चावडीवर, शाळेत, घरांच्या ओसरीवर माणसांना भेटावयाचे, कर्करोगाची लक्षणे कोणती ते साध्या भाषेत सांगावयाचे, तशी लक्षणे कोणाला आहेत काय अशी विचारपूस करावयाची, आणि असल्यास त्या व्यक्तीला समजावून बार्शीच्या रुग्णालयात आणावयाचे, असा त्यांचा क्रम होता. स्त्रियांना ते जे सांगत त्यात पाळीबाहेरचे रक्त, संबंधानंतर येणारे रक्त आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा दिसणारे रक्त या गोष्टी अर्थातच होत्या.

या कामासाठी खेड्यांत कोणतेही नवे यंत्र नेलेले नव्हते. तरीही काही वर्षांतच असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या स्त्रिया रुग्णालयात येत, त्यांच्यात रोग आरंभीच्या अवस्थेत असलेल्यांचे प्रमाण वाढू लागले आहे. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अनुभव १९९५ साली शास्त्रीय निबंधाच्या रूपाने जगापुढे मांडला. गावातल्या गावात बोललेल्या शब्दाने रोग लवकर पकडला जातो, हे त्यातून सिद्ध झाले. आरंभीच्या अवस्थेत हा रोग बहुतांशी बरा होतो. शेवटच्या अवस्थेत केवळ वेदना कमी करता येतात. या दोहोंमधले अंतर ओसरीवरच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने कापले गेले.

बार्शीचे काम एवढ्यावर थांबले नाही. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ सालापासून मोठा प्रयोग झाला. परळचे टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्था यांनी तो मिळून केला, बार्शीचे डॉ. भगवान नेने त्यात अग्रभागी होते. ३० ते ५९ या वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट करण्यात आले. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली. दुसऱ्या गटात गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आल्या, ही डॉ. पापानिकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाणारी पॅप चाचणी; तिसऱ्या गटात सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या लोणच्यातल्या शिरक्यासारखा द्रव लावून पांढरा डाग उमटतो काय ते नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात आले; आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा मिळत राहिली. आठ वर्षांनंतर चौथ्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ मृत्यू झालेले होते, तर विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुंबईतील झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांवर केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात थोड्या आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी शिरक्याची ती स्वस्त तपासणी केली, आणि तेवढ्यानेही मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशाने घटले. मराठवाड्यातील शेतकरी बायकांनी आणि मुंबईतील कामकरी बायकांनी या कामाला मुकाट्याने दिलेले सहकार्य आज सर्व जगाच्या उपयोगी पडत आहे.

या रोगाचे मूळ एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गात आहे. त्याच्या शोधाबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास सामान्यतः पंधरा-वीस वर्षांचा असतो. एवढा दीर्घ अवधी देणारे रोग थोडे. या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या लसीला २०२२ साली परवानाही मिळाला. सरकारी आरोग्य केंद्रांतून तीस वर्षांवरील स्त्रियांची शिरक्याची तपासणी दर पाच वर्षांनी करण्याचे धोरण २०१६ साली आखले गेले. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद ध्यानी घ्यावा. ही नियमित तपासणी ज्यांना काही लक्षण नाही अशा स्त्रियांसाठी असते. जिला अवेळी रक्त दिसते आहे, तिने मागच्या वर्षीचा अहवाल निर्दोष आला होता म्हणून स्वस्थ बसू नये. जुना अहवाल नव्या लक्षणाला उत्तर देऊ शकत नाही.

मग कोणी, केव्हा वैद्यांकडे जावे? काही प्रसंगी तासाचाही विलंब करू नये. पाळी चुकलेली आहे किंवा गर्भ राहिल्याची शंका आहे आणि रक्त दिसते, ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ येते, चक्कर येते, खांद्याच्या टोकाशी दुखते, तर गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजलेला असू शकतो. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन प्राणावर बेतते. संततिनियमनाची शस्त्रक्रिया झालेली आहे किंवा तांबी बसवलेली आहे म्हणून ही शंका सोडू नये. क्वचित का होईना, अशा स्त्रियांनाही गर्भ राहतो, आणि राहिलेला गर्भ नलिकेत असण्याचा संभव त्यांच्यात अधिक असतो. तसेच, तासाला एक पॅड भिजेल असे रक्त लागोपाठ दोन तास जात असेल, मोठ्या गाठी पडत असतील, घेरी येत असेल किंवा रक्तस्रावाबरोबर थंडी वाजून ताप येत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

काही प्रसंगी घाई नको, पण टाळाटाळही नको. आठ-पंधरा दिवसांत तपासणी व्हावी. पतिसंबंधानंतर रक्त दिसणे, मग ते एका ठिपक्याएवढे का असेना. दोन-तीन महिने लागोपाठ पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणे. गोळी, इंजेक्शन वा तांबी सुरू करून तीन ते सहा महिने झाले तरी रक्त न थांबणे. चाळिशीनंतर पाळीचा क्रम एकाएकी बदलणे. आणि रक्ताबरोबर दुर्गंधी पाणी जाणे, ही ती लक्षणे होत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर त्याविषयी आपल्या घरांत एक गोड गैरसमज आहे. 'पुन्हा पाळी आली,' असे म्हणून आजीची थट्टा केली जाते. पाळी अशी परत येत नाही. असे रक्त दिसणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो; उरलेल्या एक्याण्णव जणींची कारणे बहुधा सौम्य असतात. परंतु आपण नवांत आहोत की एक्याण्णवांत, हे घरी बसून कळत नाही. अंगाने स्थूल, मधुमेही किंवा आयुष्यभर पाळी अनियमित असलेल्या स्त्रीने याबाबत विशेष जागरूक राहावे.

वैद्यांकडे जावयाचे म्हणजे तेथे काय होईल, या धास्तीने पुष्कळजणी पाऊल मागे घेतात. वस्तुतः तेथे होते ते फार थोडे आणि थोडक्यात होते. प्रथम विचारपूस, मग गर्भ आहे काय याची लघवीची तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, एका साध्या उपकरणाने गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहणे, जरूर तर पॅप वा विषाणूची चाचणी आणि सोनोग्राफी. वय अधिक असेल किंवा शंका असेल, तर अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासतात. तपासणीला स्त्री-डॉक्टर मागण्याचा, सोबत एखादी बाई ठेवण्याचा आणि प्रत्येक गोष्ट का केली जात आहे हे विचारण्याचा हक्क रुग्ण स्त्रीला आहे. अविवाहित मुलीची अंतर्गत तपासणी बहुधा करावीच लागत नाही; पोटावरून केलेली सोनोग्राफी पुरते.

तपासणीला जाताना नेण्याजोगी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे तारखांची नोंद. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे, गॅसच्या टाकीची तारीख आणि भिशीचा हप्ता या सर्वांची टिपणे असतात. तेथेच पाळीच्या तारखेवर एक बारीक खूण करावी आणि अवेळी रक्त दिसले त्या दिवशी वेगळी खूण करावी. तीन महिन्यांच्या अशा खुणा डॉक्टरांना जे सांगतात, ते आठवून आठवून दिलेल्या उत्तरांतून निघत नाही. घरात रक्त कमी पडल्याच्या खुणाही पाहाव्यात. जिना चढताना धाप लागणे, डोळ्यांची खालची पापणी फिकी दिसणे, माती वा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे, या त्या खुणा होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चोपन्न रक्तक्षयी आढळल्या. जिच्या अंगात आधीच रक्त थोडे, तिला अवेळी जाणारे थोडे रक्तही जड जाते.

या विषयाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रक्त दिसले की गर्भपिशवीच काढून टाकावयाची, असा एक सोपा आणि क्रूर उपाय आपल्याकडे रूढ झाला. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांत या शस्त्रक्रियेचे प्रमाण किती आहे हे २०१९ साली उजेडात आले, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ब्याऐंशी हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. फडात एका कोयत्याला म्हणजे नवराबायकोच्या जोडीला उचल मिळते, खाडा झाला की पैसे कापले जातात, न्हाणीघर नाही, विश्रांती नाही. अशा परिस्थितीत पांढरे-लाल जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालणे सोपे होते. जी भीती योग्य वेळी तपासणीला प्रवृत्त करते, तीच अज्ञानाच्या हाती पडली म्हणजे शस्त्र होते. तरुण वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. तेव्हा लक्षणाकडे दुर्लक्ष करू नये हे जितके खरे, तितकेच कारण ठरल्यावाचून मोठ्या शस्त्रक्रियेला होकार देऊ नये हेही खरे. तुकड्याचा अहवाल कोठे आहे, गोळीने वा गर्भाशयात बसवण्याच्या औषधी साधनाने भागेल काय, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येईल काय, हे तीन प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

मराठी कुटुंबे आज देशभर पांगलेली आहेत. चंदीगडच्या विमानतळाजवळ मोहालीच्या हद्दीत वसलेल्या एयरोसिटीसारख्या नव्या वसाहतीची कल्पना करावी. नोकरीच्या निमित्ताने तेथे गेलेल्या घरातील स्त्रीला गावाकडची जाऊ नाही, नणंद नाही, शेजारची काकू नाही. जे माहेरी न्हाणीघराच्या दाराशी दोन शब्दांत सांगून मोकळे होता आले असते, ते सांगावयास जवळ कोणी नाही, आणि आईला दूरध्वनीवर सांगावे तर ती उगाच काळजी करील. अशी स्त्री वैद्यकीय सोयींच्या ऐन मध्यावर राहते. १९६२ साली स्थापन झालेली चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था त्याच शहरात आहे. आणि परळच्या ज्या टाटा रुग्णालयाने मराठी मुलखातील लाखो रुग्णांना आधार दिला, त्याच संस्थेचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये जवळच्या मुल्लांपूर येथे सुरू झाले. परभाषेची अडचणही मोठी नाही. तेथे पाळीला 'माहवारी' म्हणतात. शेवटची माहवारी कोणत्या तारखेला आली, मध्ये रक्त किती दिवस दिसले, संबंधानंतर दिसते काय, आणि सोबत वेदना वा ताप आहे काय, एवढ्या चार गोष्टी सांगितल्या की निम्मी तपासणी झाली. जी गोष्ट बार्शीच्या खेड्यातील स्त्रीला तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोसभर चालत जाऊन करावी लागली, ती येथे एका सकाळचे काम आहे.

तरीही ती केली जात नाही, याचे कारण अंतर नव्हे, सवय आहे. मुलांची परीक्षा होऊ दे, सासऱ्यांचे मोतीबिंदूचे झाल्यावर पाहू, दिवाळी आटोपू दे, असे म्हणत स्त्री स्वतःला रांगेत शेवटी उभी करते. या सवयीत घरच्यांचाही वाटा असतो. ज्या घरात नवरा आपल्या बायकोला 'तारीख चुकली का, कधी जायचे डॉक्टरकडे?' असे सहज विचारू शकतो, मुलगी आईला आपले डाग निःसंकोच दाखवू शकते, आणि सासू आपल्या उतारवयातले रक्त सुनेपासून लपवीत नाही, त्या घरात हे दुखणे अंगावर काढले जात नाही. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी अनोळखी ओसऱ्यांवर बसून जे शब्द उच्चारले, ते आपल्या स्वतःच्या ओसरीवर उच्चारण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही. रक्त दिसले तर तारीख लिहून ठेवावी, कोणाला तरी सांगावे आणि तपासून घ्यावे. बहुतेक वेळा डॉक्टर हसून घरी पाठवतील. ज्या थोड्या वेळी ते हसणार नाहीत, त्या वेळी आपण लवकर आलो याचे मोल कळेल.